आलुबुखाराचं कव्हर

झाड लावणं सोपं आहे असं जो कोणी म्हणतो, त्यानं एकदा माझ्या बायकोच्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली खड्डा खणून बघावा.

माझा धंदा सोफ्यांचा. बनवायचे नाहीत. फाटलेले, खचलेले, पोरांनी उड्या मारून बसवलेले सोफे उसवायचे आणि नवीन कापड चढवून परत द्यायचे. शाळेत मी फार टिकलो नाही. पुस्तक उघडलं तर आत काय आहे ते पहिल्या पानावरच दिसायचं, सोफ्याचं तसं नाही. सोफा पार तळापर्यंत उसवल्याशिवाय बोलत नाही. आणि वस्तूच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला घास जात नाही. एकदा एका बाईनं खुर्चीच्या फक्त हाताचं कापड बदलायला दिलं होतं. ती खुर्ची बसलं की कुरकुरायची. का कुरकुरते ते बघता बघता मी ती बुडापर्यंत सुटी केली. बाई न्यायला आली तेव्हा तिला खुर्चीच्या जागी एक ढीग दिसला. असो. सांगत होतो आलुबुखाराचं.

रोपवाल्याकडे मी गेलो होतो सुतळी घ्यायला. त्याच्याकडे चांगली मिळते. तिथं एक काडी उभी होती, तिला चिठ्ठी लावलेली. मी विचारलं, "ही काडी कशाची?"

"आलुबुखार."

"बाजारात मिळतो की."

रोपवाला हसला. "बाजारातला कच्चा तोडतात हो. झाडावर पिकलेला खाल्लाय कधी?"

झालं. सुतळी तिथंच राहिली. घरी येईपर्यंत डोक्यात एकच, झाडावर पिकलेला म्हणजे कसा? गोड असेल तर किती गोड? आणि झाडावर पिकताना त्याच्या आत नेमकं होतं तरी काय?

घरामागं आमची एवढीशी मोकळी जागा. त्यात दिवसभर ऊन येणारा कोपरा एकच. आणि त्याच कोपऱ्यात आमच्या हिची दोरी.

"आणि कपडे?" ही म्हणाली.

"गच्चीवर."

"गच्चीवर कोण नेणार? माझे गुडघे?"

जिना आमचा उभा आहे, ते खरं आहे. ओल्या चादरींची बादली घेऊन चढायचं म्हणजे मधे एकदा थांबून देवाला हाक मारावी लागते. पण मी काडी घेऊन उभा होतो, आणि हातात काडी असली की माणूस शहाणपणा विसरतो.

"फळं यायला लागली की गुडघे विसरशील."

"आणि नाही आली तर?"

"तर मी माझ्या हातानं झाड तोडीन आणि तुझी दोरी परत बांधून देईन."

आता बघा, आमची ही दूध उतू जाऊ देते, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते, पण माझ्या तोंडून गेलेलं एखादं असलं वाक्य तिला जन्मभर पाठ. ती फक्त "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"ला मी घाबरतो.

डाव्या बाजूला आमचे डायवरकाका. आयुष्यभर बस चालवली, आता घरात बसून सगळ्या गल्लीला चालवतात. उजव्या बाजूला मास्तर. शाळेत शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. दोघांच्या भिंती माझ्या भिंतीला लागून, म्हणजे सल्ला दोन्हीकडून सरळ येतो.

"पाणी सकाळी घाला," मास्तर म्हणायचे.

"संध्याकाळी," डायवरकाका म्हणायचे. "सकाळी पाणी घातलं की झाड दिवसभर आळशी बसतं."

"झाड बसत नाही काका, उभं असतं."

"तेच तर. उभ्या उभ्या झोपतं. त्याला धाक पाहिजे. रोज सकाळी दोन शब्द ऐकवा. माझी बस नाही का, शिव्या घातल्याशिवाय चढ चढायची नाही."

मी दोघांचंही ऐकलं. सकाळी पाणी घातलं, संध्याकाळी पाणी घातलं, आणि मधे दोन शब्द ऐकवले. ते शब्द रस्त्यावरून जाणाऱ्या इस्त्रीवाल्याला वाटलं त्यालाच आहेत. त्यानं महिनाभर आमच्याकडे येणं बंद केलं. तोवर चुरगळलेला शर्ट घालून फिरलो.

पण काडीचं झाड झालं. आणि एका वर्षी, थंडी सरता सरता, त्याला फुलं आली. एक पान नाही अंगावर, आणि नुसती पांढरी फुलं! मला गंमत वाटली. आधी पानं, मग फुलं अशी माझी समजूत. ह्यानं सोफ्याच्या आधी उशाच तयार केल्या होत्या. मी दुकान सोडून स्टूल टाकून बघत बसलो. फूल दिसतं, पुढं फळ होणार तेही माहीत आहे. पण ह्याचं ते होतं कसं? फूल वाढून फळ होतं, का फूल पडून त्याच्या जागी येतं? मी गिऱ्हाइकांना विचारायला लागलो. कोणाला म्हणून सांगता येईना. सगळे जन्मभर फळं खात आलेले!

आणि मग वारं सुटलं. दोन दिवस असं वारं, की सगळी फुलं उडून मास्तरांच्या अंगणात. तिसऱ्या दिवशी झाड पुन्हा काडीसारखं. त्या वर्षी फळ काही आलं नाही.

"वाऱ्यानं घात केला," डायवरकाका म्हणाले.

"वारा लागू देऊ नका," मास्तर म्हणाले.

दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मला वाटलं, हे दोघं एकच सांगतायत म्हणजे खरंच असणार. तिथंच मी फसलो.

मला कोणी विचारलं, अमुक गोष्टीला वारा, धूळ, पाणी लागू नये, काय करावं? तर मी काय सांगणार? मी कव्हरवाला माणूस. पुढच्या वर्षी कळ्या दिसल्याबरोबर मी टेप घेऊन झाडाचं माप काढलं. सोफ्याचं माप सोपं, तो गप्प पडून असतो. झाड हलतं, आणि रात्रीत वाढतं. तीनदा मापं काढली, तिन्ही वेगळी. शेवटी पोराला शाळेचा शर्ट शिवतात तसं वाढत्या अंगाचं बेतलं. बारीक विणीचं पांढरं जाळीचं कापड, हवा खेळेल पण वारा अडेल असं. कडेनं तपकिरी पायपिंगची गोल किनार. समोर लांब चेन, म्हणजे उघडून आत बघता येईल. खाली झालर.

"झालर कशाला?" हिनं विचारलं.

"बरं दिसतं."

"झाडाला?"

कारागिरीतलं हिला काही कळत नाही. पण लोकांना कळलं. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. एका बाईनं तसंच कव्हर तिच्या फ्रीजला शिवून मागितलं. मास्तर चष्मा पुसून दोनदा बघून गेले. "सुई शिरायला जागा नाही," म्हणाले. मला वाटलं, शाळेत असं कोणी म्हटलं असतं तर मी टिकलो असतो.

त्या वर्षी वारं आलं आणि आल्या पावली परत गेलं. एक फूल पडलं नाही! मी रोज चेन उघडून आत बघायचो आणि लगेच बंद करायचो. एकदा न राहवून एक फूल तोडलं आणि दुकानात नेऊन बारीक दाभणानं उसवलं. कडेनं दोरे, दोऱ्यांच्या टोकाला पिवळी बोंडं. मधोमध एक हिरवी गुंडी, आणि गुंडीतून वर आलेली एक काडी. म्हटलं, ही गुंडी कशाला शिवली असेल? बिनकामाची गुंडी कोणी लावत नाही.

मास्तरांना विचारलं. मास्तरांनी खडू आणला आणि माझ्या भिंतीवर एवढं मोठं फूल काढलं. हे दोरे म्हणजे पुंकेसर, ती काडी म्हणजे स्त्रीकेसर, पिवळी पूड इकडून तिकडं गेली की गुंडीचं फळ. जेवायची वेळ होईपर्यंत शिकवलं. झाड आमच्या शेजारी कव्हरात उभं. त्याच्याच सावलीत बसून आम्ही दोघं ही विद्या करत होतो.

"पण पूड नेतं कोण?" मी विचारलं.

तेवढ्यात मास्तरांना घरून हाक आली. जेवण गार होत होतं. प्रश्न राहिला तो राहिलाच.

फुलं काही पडली नाहीत. जागच्या जागी वाळली. चेन उघडली तर आत खाली तपकिरी पाकळ्यांचा सडा आणि फांद्या मोकळ्या. एक गुंडीसुद्धा मोठी झाली नव्हती.

आमची ही बाजारातून नवी नायलॉनची दोरी घेऊन आली. निळी. माझ्या ताटासमोरच्या फळीवर ठेवली, जेवताना दिसेल अशी.

"आणखी एक वर्ष," मी म्हणालो.

"एकच," ही म्हणाली. "काल जिन्यात माझा पाय घसरला. तुम्हाला सांगितलं नाही."

हे ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही. बायकोचे गुडघे एका बाजूला आणि माझी हौस दुसऱ्या बाजूला. पण झाड तोडायचं म्हटलं तरी हात उठेना. त्याच्या आत काय होतं ते मला अजून कळलं नव्हतं, आणि न कळता टाकून द्यायची सवय नाही मला.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, चूक कव्हराची आहे. कमी पडलं. चेनीतून वारा शिरत असणार. म्हणून दुहेरी कापड घेतलं, आणि कापड फांद्यांना घासू नये म्हणून आतून पाइपांचा सांगाडा उभा केला. वरती उतरतं छप्पर, कोपरे ताठ. तयार झालं तेव्हा खरं सांगतो, त्याच्यासमोर माझं स्वतःचं घर कळकट दिसायला लागलं.

कळ्या फुटल्या आणि साहेब आले. साहेब म्हणजे नगरपालिकेचे. मोटारसायकल लावली, आणि मागच्या फाटकातूनच विचारलं, "हे बांधकाम कोणाचं?"

"कुठलं बांधकाम?"

"हे पांढरं."

"साहेब, ते झाड आहे."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी म्हशीला विमान म्हणालो. "छप्पर आहे, भिंती आहेत. दार?"

"चेन आहे."

"म्हणजे दार आहे. परवानगी?"

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत. पहिल्या खिडकीनं सांगितलं, झाडाचं काम उद्यान विभागात. उद्यान विभागातल्या बाई म्हणाल्या, "झाड लावायला परवानगी लागत नाही. कव्हर आमच्याकडे येत नाही. कव्हराचं बांधकामाकडे विचारा." बांधकामवाल्या कारकुनानं मान वर न करता विचारायला सुरुवात केली.

"खोल्या किती?"

"एकच म्हणा."

"वापर कशासाठी? राहण्यासाठी की व्यवसायासाठी?"

"फळासाठी."

"आत राहतं कोण?"

"आलुबुखार."

"आडनाव?"

मी बाकावर बसलो. कारकुनाच्या खुर्चीचं रेक्झिन एका बाजूनं फाटून फोम बाहेर लोंबत होता. फाटकी खुर्ची समोर असली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. तो सही घ्यायला आत गेला, आणि माझ्या खिशात सुई-दोरा असतोच. परत आला तेव्हा खुर्ची शिवून झाली होती. तो बसला. उठला. परत बसला. तोंडावर इतकं सुख, की मला वाटलं आता परवानगी हातातच ठेवतो.

"फार छान," तो म्हणाला. "अर्ज पुढं पाठवतो. तोवर कव्हर काढून ठेवा."

"साहेब, आत्ता फुलं उमलतायत! आत्ताच तर गरज."

"नियम आहे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत जागा मोकळी पाहिजे."

मी घरी आलो आणि स्वतःच्या हातानं टाके सोडले. आयुष्यात इतकं उसवलं, पण त्या दिवशीसारखं जड गेलं नाही. कव्हर निघालं आणि सगळं झाड उघडं पडलं. पांढरंशुभ्र. ऊन अंगावर. ही दारात उभी राहून बघत होती. "सुंदर दिसतं की हो," म्हणाली. दोन वर्षं तिनं ते नीट बघितलंच नव्हतं. मीच कुठं बघितलं होतं?

आणि मग माश्या आल्या. मधमाश्या. एक आली, मग तिच्या नात्यातल्या सगळ्या आल्या. प्रत्येक फुलात डोकं घालून काहीतरी उचलायच्या आणि पुढच्या फुलात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अर्ज अडकलाय, वारं सुटेल म्हणून जीव टांगणीला, आणि ह्या भरदिवसा चोरी करतात? मी स्टूल टाकलं, हातात टॉवेल घेतला आणि राखणीला बसलो. इकडची उडवली की तिकडं बसायची.

"अहो, राहू द्या त्यांना," ही आतून ओरडली. "चावतील."

"त्यांची काय बिशाद!"

बिशाद होती. एक वरच्या ओठावर आणि एक डोळ्याखाली. थोड्याच वेळात माझं तोंड असं झालं, की आरशात बघून मीच "कोण पाहिजे?" विचारलं. डायवरकाका भिंतीवरून वाकले.

"वहिनींनी मारलं का हो?"

"माशी चावली," असं मी म्हणायला गेलो. सुजलेल्या ओठातून काय बाहेर पडलं देव जाणे, पण काकांनी मान हलवली. "असू दे. आमच्याकडेही होतं कधी कधी." संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत तेच.

मग मी बाहेर पडतोय कशाला? फुलं गळेपर्यंत घरात, पडदे ओढून. माश्यांनी झाडाचं काय करायचं ते करू दे म्हटलं.

सूज उतरली तेव्हा फुलंही उतरली होती. निळी दोरी फळीवरून मागच्या भिंतीतल्या, जुन्या दोरीच्या खिळ्यापाशी आली होती. शब्द दिला होता. मी करवत घेऊन मागं गेलो. ही दारात उभी राहिली. म्हणाली, "चहा घेऊन तोडा." मला कळलं, तिलाही ते बघवत नव्हतं.

फांदी धरली आणि करवत लावायच्या आधी सवयीनं वाकून बघितलं, कुठून उसवायचं ते. फांदीवर हिरवे मणी. पुढच्या फांदीवर हिरवे मणी. गुंड्या! फुगलेल्या!

मी असा ओरडलो, की दोन्ही भिंतींवर डोकी आली. मास्तर तर भिंत ओलांडूनच आले. चष्मा लावला, मणी बघितले. माझ्या ओठाकडे बघितलं. मग कोपऱ्यात घडी घालून ठेवलेल्या कव्हराकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा बघता बघता पडला.

"माश्या," ते हळूच म्हणाले. "पूड माश्या नेतात."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"जेवायला हाक आली."

"वर्षभर जेवत होता?"

मास्तर कव्हराची चेन वरखाली करत राहिले. "तीस वर्षं हा धडा शिकवला हो मी," म्हणाले. "फळ्यावर माशीसुद्धा काढायचो. पण हे कव्हर इतकं सुरेख होतं, की माशी आठवलीच नाही."

मी आत नेऊन त्यांना चहा पाजला.

फळं तांबूस व्हायला लागली आणि साहेब परत आले. ह्या वेळी हसत. "अभिनंदन! कव्हर मंजूर."

"नको आता साहेब. काम झालं."

साहेबांचं हसू गेलं. "नको कसं? मंजूर झालंय. पाहणीला येऊ तेव्हा जागेवर दिसलं पाहिजे. नाहीतर मंजूर केलं कशाला, असं वरून विचारतील."

"आणि काढून ठेवलं तर?"

"तर काढायची परवानगी काढा."

मी कव्हर परत चढवलं. खरं सांगायचं तर पाखरं फळांना टोचे मारायला लागलीच होती, म्हणजे त्याला एकदाचं त्याच्या लायकीचं काम मिळालं. साहेब येऊन आत डोकावले, चेन दोनदा उघडबंद केली आणि घरच्या सोफ्याचं विचारून गेले.

आणि पिकली. झाडावर पिकली. गडद, काळपट लाल, अंगावर पिठूळ पांढरी साय, हात लावला की बोटाचा ठसा उठतो अशी. डायवरकाका आले, धाकामुळंच आली म्हणाले. मास्तर चष्मा पुसत उभे राहिले. मी पहिलं फळ तोडून हिच्या हातात दिलं. चांगलं असेल तर झाड राहणार, नाहीतर निळी दोरी. आणि मलाही कळायचं होतं, कसं लागतं?

हिनं चावा घेतला. रस कोपरापर्यंत गेला. तिनं डोळे मिटले. सालीपाशी आंबट असावं, एक डोळा जास्त मिटला. सगळे बघतायत.

"कसं आहे?" मी विचारलं.

"थांबा, नीट कळलं नाही." दुसरं घेतलं.

"गोड आहे का?"

"कळू तर द्या." तिसरं.

"वहिनी, एखादं आम्हाला..." डायवरकाका म्हणाले.

"मधे बोलू नका हो काका. चव जाते."

माझ्या वाट्याला एक आलं, तेही अर्धं पाखरानं तपासलेलं. मी सगळं तोंडात टाकलं. आता ते कसं लागलं हे मला विचाराल, तर मला सांगता येणार नाही. सालीत एक, गरात दुसरं, बाठीजवळ तिसरंच काहीतरी, आणि नीट लक्ष देईपर्यंत संपलं.

"मग?" मी हिला विचारलं. "तोडायचं का?"

ही हात धूत होती. "एका वर्षात काय कळतंय?" म्हणाली. "पुढच्या वर्षी परत खाऊन बघू. दोरी गच्चीवर बांधा. बादली मात्र तुम्ही न्यायची."

तेव्हापासून बादली मी नेतो. जिना उभाच आहे, मधे थांबावं लागतंच. पण वर गेलं की कठड्यावरून खाली झाड दिसतं. वरून ते कसं दिसतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. शेंड्याला, मंजूर कव्हराच्या छपराची शिवण उसवून, एक फांदी बाहेर आलीय, आणि तिच्यावर एक पाखरू रोज येतं. फळं कधीच संपली, तरी येतं. कशाला येत असेल? मी चादर हातात धरून बघत उभा राहतो.

"अहो, वाळल्या का?" ही खालून ओरडते.

"थांब," मी म्हणतो. "नीट कळलं नाही."